जुन्या हत्यारांचा जीर्णोद्धार



ज्या शाळेने मला हातात रंधा धरायला शिकविले, त्याच शाळेने मला आज या व्यासपीठावर बोलाविले, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. या व्याख्यानमालेत यापूर्वी विद्वानांनी संतसाहित्यावर, इतिहासावर, शिक्षणशास्त्रावर विवेचन केले. मी विद्वान नव्हे. येथून शिकून बाहेर पडलो, बेळगावच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि टूलरूमचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. परंतु ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालते, ते आपले सुतारकामाचे सर होते. म्हणून एक वर्ष तरी हत्यारांविषयी बोलले जावे, असे कार्यवाहांना वाटले आणि ते काम माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर जडलेल्या एका छंदाची माहिती देणे, एवढाच माझा अधिकार आहे. तो छंद म्हणजे जुन्या, गंजलेल्या, टाकून दिलेल्या हत्यारांना पुन्हा कामाला लावणे.

प्रारंभी थोडी पार्श्वभूमी. शाळेत हस्तव्यवसाय असावा, हा विचार आपल्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर रुजला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्यालाच कार्यानुभव असे नाव देऊन शालेय शिक्षणात स्थान दिले. आपल्या शाळेमागील पत्र्याच्या खोलीतील सुतारशाळा ही त्याच विचारांची लेक. बारा बाके, प्रत्येक बाकाला एक बिडाचा व्हाइस, आणि प्रत्येक बाकाच्या कप्प्यात एक रंधा, दोन पटाश्या, एक करवत, एक मोगरी आणि एक गुण्या. सरांची शिस्त अशी की, एका बाकाचे हत्यार दुसऱ्या बाकावर जाता कामा नये. त्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती केली होती. प्रत्येक हत्याराच्या लाकडी अंगावर खिळ्याच्या टोकाने ठिपके उमटविले होते. तिसऱ्या बाकाच्या हत्यारांवर तीन ठिपके, सातव्या बाकाच्या हत्यारांवर सात. तास संपता संपता अंधारल्या खोलीतही आम्ही मुले अंगठा फिरवून आपले हत्यार ओळखत असू. ही ठिपक्यांची गोष्ट कृपया लक्षात असू द्यावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

२०११ साली त्या खोलीच्या जागी संगणककक्ष बांधण्याचे ठरले. तो निर्णय काळाला धरून होता आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. जुने सामान मोडीत जाणार असल्याचे कळले तेव्हा मी शाळेत आलो. व्हरांड्यात हत्यारांचा ढीग पडला होता. गेली अनेक वर्षे पत्रा गळत होता आणि आपल्या भागातला पाऊस काही थोडाथोडका नव्हे. बारांपैकी नऊ व्हाइस होते, त्यांतील दोन तडकलेले. रंधे सातच उरले होते. काट्यावर जो भाव ठरला तो देऊन मी सगळा ढीग टेंपोत घालून घरी आणला. मोटारीसाठी बांधलेली खोली हत्यारांना दिली. मोटार तेव्हापासून अंगणात उभी असते. घरातून या व्यवस्थेला विरोध झाला नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

आधी पाहणे, मग हात लावणे

जुने हत्यार हाती आले की पहिली इच्छा होते ती पॉलिशपेपर घेऊन घासायला बसण्याची. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिले आठ दिवस काहीही घासू नये. हत्यार पाहावे, मापे घ्यावीत, खुणा टिपून ठेवाव्यात, छायाचित्र काढावे. कोणता स्क्रू कोठला, कोणती चकती कोणत्या बाजूस, हे खोलताना लक्षात राहील असे वाटते; जोडताना राहत नाही.

यात सर्वांत महत्त्वाचे ते आटे ओळखणे. आपले जुने कारागीर अजूनही मापे सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. ही भाषा इंची मापांच्या काळातली आहे. आपल्या देशात दशमान मापांचा अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला; त्याआधीची बहुतेक हत्यारे इंची आणि त्यांचे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण सुचविले. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असे आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात; त्याच जाडीच्या अमेरिकन भरड आट्याच्या बोल्टला १३. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. एका व्हाइसच्या तळाशी मी जुन्या जीपच्या पेटीतला असाच एक बोल्ट लावला. तो दोन-अडीच फेरे सुखाने गेला, मग अडला. मी पान्याला नळी लावून जोर केला आणि बिडातले साठ वर्षांचे आटे एका क्षणात कापून काढले. तेव्हापासून माझ्या खिशात आटे मोजण्याची पट्टी असते. आट्यांचा संशय आला, तर नट हाताच्या बोटांनी फिरवून पाहावा. बोटांनी जात नसेल, तर तो त्या जागेचा नाही असे समजावे.

गंज म्हणजे काय

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परंतु गंजाचे दोन गुणधर्म छंद करणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावेत. पहिला असा की, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच खिळीत गंज धरला की ती फुगल्यासारखी घट्ट बसते. दुसरा असा की, गंज सच्छिद्र असतो. तांब्यापितळेवर चढणारा हिरवट-काळपट थर खालच्या धातूला काही प्रमाणात राखतो. लोखंडावरचा तांबडा गंज मात्र ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खातच राहतो. म्हणून तांबडा गंज काढलाच पाहिजे. काळा, घट्ट बसलेला थर असेल, तर तो लोखंडाचेच दुसरे ऑक्साइड असते आणि ते बव्हंशी निरुपद्रवी असते. तो थर राहू द्यावा. तो जुन्या हत्याराचा रंग आहे.

गंज काढण्याचे मार्ग अनेक आहेत. मी वापरतो ते चार सांगतो.

हलका गंज असेल तर रॉकेल किंवा डिझेल आणि पितळी तारेचा ब्रश पुरेसा होतो. यापलीकडे काही करण्याचा मोह टाळावा.

मध्यम गंजासाठी लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळते तेच. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम घालून त्यात हत्यार बुडवून ठेवावे आणि दर तासा-दोन तासांनी पाहावे. रात्रभर विसरून गेल्यास आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते आणि पृष्ठभाग करडा, खरबरीत होतो. आमच्या आजीच्या काळी पितळेची भांडी चिंचेने घासत, त्यामागचे रसायन याच जातीचे. बाहेर काढल्यावर हत्यार सोड्याच्या पाण्यात धुवावे, लगेच कोरडे करावे आणि तेल लावावे. धुतलेले लोखंड उघडे ठेवले तर चहा होईस्तोवर त्यावर पिवळी झाक येते.

जास्त गंजासाठी विजेचा मार्ग. प्लॅस्टिकच्या टबात १० लिटर पाणी आणि सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. हत्यार मोटारीच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास जोडावे आणि एक टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकास. दोन्ही एकमेकांस चिकटू देऊ नयेत. जोडण्या करताना व सोडवताना चार्जर बंदच असावा. काही तासांत गंज सैल होऊन काळा चिखल बनतो आणि तो ब्रशने निघून येतो. चांगल्या लोखंडाला या पद्धतीने धक्का लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र तीन पथ्ये पाळावीत. धन टोकास स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि जवळ ठिणगी नको. आणि कडक पोलादाच्या स्प्रिंगा त्यात बुडवू नयेत. हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करतो.

चौथा मार्ग आपल्या सह्याद्रीचा आहे, तो म्हणजे हिरडा. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा पदार्थ तयार होतो, तीच ती शाई. हेच तत्त्व गंजाला लावता येते. हिरड्याची भरड पाण्यात उकळून गाळून घ्यावी आणि सैल गंज काढलेल्या लोखंडावर तो काढा ब्रशने लावावा. उरलासुरला तांबडा गंज पाहता पाहता काळा पडतो. हा थर पातळ असतो. त्यावर मेण किंवा तेल हवेच. आणि जेथे धार किंवा घसरता पृष्ठभाग आहे तेथे हा काढा लावू नये. व्हाइसचे अंग, ऐरणीच्या कडा, पान्यांचे दांडे यांना मात्र तो फार शोभतो.

अडलेला स्क्रू

या छंदात माणसाची परीक्षा होते ती अडलेल्या स्क्रूपाशी. व्हाइसचा मुख्य स्क्रू वीस वर्षे फिरला नसेल, तर दांड्याला नळी लावून जोर करणारे बरेच असतात. बीड ताकदीने कमी नसते, परंतु ते वाकत नाही, तडकते. माझ्या ढिगातले दोन व्हाइस अशाच कोणाच्या तरी उतावीळपणाने तडकलेले होते.

यावर तीन उपाय, तेही याच क्रमाने. पहिला उपाय तेल. पातळ तेल आणि डिझेल समभाग घेऊन सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब सोडावे. आठवडा, प्रसंगी महिना. दुसरा, हलके ठोके. स्क्रूच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या कंपनाने तेल आत सरकते. तिसरा, उष्णता. २५ मिलिमीटरचे छिद्र असलेला लोखंडी भाग २०० अंशांनी तापविला की ते छिद्र सुमारे सहा शतांश मिलिमीटरने मोठे होते. म्हणजे केसाच्या जाडीएवढे. ऐकायला काहीच नाही. परंतु गंजाची पकड सुटायला तेवढे पुष्कळ असते. बीड मात्र हळूहळू, सर्व बाजूंनी सारखे तापवावे आणि आपोआप निवू द्यावे. त्यावर पाणी टाकल्यास तडा निश्चित. तेलाने माखलेला भाग तापविण्यापूर्वी पुसून कोरडा करावा, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक सूचना. दोन चाकांच्या ग्राइंडरचा डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो. चाक फिरताना तो आपोआप सैल होऊ नये यासाठी ही योजना. हे ठाऊक नसलेला माणूस तो सैल करण्याच्या समजुतीने आवळीत बसतो.

धार आणि पाणी

गंज निघाला, आटे फिरू लागले, म्हणजे हत्यार जिवंत झाले असे नव्हे. कापणाऱ्या हत्याराचा प्राण त्याच्या धारेत असतो. जुन्या रंध्यांच्या आणि पटाश्यांच्या पात्यांत पुष्कळदा दोन धातू असतात. पाठीशी मऊ घडाऊ लोखंड आणि धारेपाशी त्याला भट्टीत जोडलेली कडक पोलादाची पातळ पट्टी. पाते घासून स्वच्छ केले की दोहोंमधली रेघ दिसू लागते. ती पट्टी संपेपर्यंतच त्या पात्याचे आयुष्य.

मराठीत पोलादाला पाणी देणे म्हणतात आणि मानी माणसाचे पाणी उतरले असेही म्हणतात. ही भाषा लोहाराच्या शाळेतून आलेली आहे. लाल तापवून विझविलेले पोलाद काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग ते पुन्हा हलके तापवितात. तापताना त्याच्या घासलेल्या अंगावर रंग चढत जातात. सुमारे २२० ते २३० अंशांवर गवतासारखा फिका पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला पिवळा रंग मानवतो, स्प्रिंगेला निळा. जुन्या साध्या पोलादाचे पाते ग्राइंडरवर दाबून धरले आणि धारेपाशी निळा डाग उमटला, की तेवढ्या जागेचे पाणी उतरले. तो भाग पुन्हा कधी धार धरीत नाही. घासून काढून टाकावा लागतो. म्हणून ग्राइंडरवर पाते धरताना मी हातमोजे घालत नाही. बोटांना चटका बसू लागला की पाण्यात बुडवायची वेळ झाली, हे बोटांनाच कळले पाहिजे. मोजा चाकात ओढला जाण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

धार लावण्याची रीत सोपी आहे, धीर मात्र हवा. प्रथम पात्याची पाठ निसण्यावर अगदी सपाट करावी. बहुतेकांची चूक येथेच होते. ते उताराची बाजू घासतात आणि पाठ तशीच ठेवतात. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेघ. त्यांतला एक खडबडीत असेल तर रेघ सरळ कशी येणार? नंतर उतार सुमारे २५ अंशांवर घासावा आणि शेवटच्या टोकाला ३० अंशांवर चारदोन हात द्यावेत. पाठीमागे बारीक कंगोरा आला की तो अलगद काढावा आणि शेवटी चामड्यावर घासावे. सर धार तपासत ती शिवणीच्या लाकडाच्या आडव्या टोकावर. तेथे लाकूड न चुरडता गुळगुळीत कापले गेले, तरच ते मान हलवीत. "चांगले" असे ते क्वचितच म्हणत.

काही धोके

छंदाच्या भरात शरीर विसरू नये. जुन्या यंत्रांवरच्या रंगात शिसे असण्याचा दाट संभव असतो. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, तो ज्वाळेने जाळू नये, आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. ग्राइंडरचे जुने चाक वापरण्यापूर्वी ते काढून बोटावर टांगावे आणि लाकडी मुठीने हलके वाजवावे. स्वच्छ खणखणीत नाद आला तर चाक धड. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ते फेकून द्यावे. आणि एक धोका फार थोड्यांना माहीत असतो. लाकडी मुठींना जवसाचे तेल लावतात. त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर तेल हवेत सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. वापरलेली चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

कोठे थांबावे

आता ज्या ठिपक्यांचा उल्लेख मी प्रारंभी केला, त्यांच्याकडे येतो.

सात रंध्यांपैकी पहिला रंधा मी हाती घेतला तेव्हा माझ्यात नवशिक्याचा उत्साह होता. पाते उत्तम निघाले. लाकूड मात्र तेलाने, घामाने आणि धुळीने काळे झाले होते. मी ते चारही बाजूंनी घासले. पॉलिशपेपरचे तीन नंबर वापरले, वर वॉर्निशचे दोन हात दिले. रंधा आरशासारखा झाला. मी तो बैठकीच्या खोलीत मांडून ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवू लागलो.

काही दिवसांनी माझ्या वर्गातला एक मित्र भेटावयास आला. तो निवृत्त होऊन पुण्यास असतो. मी कौतुकाने तो रंधा त्याच्या हाती दिला. त्याने तो उचलला, उलटा केला, आणि त्याचा अंगठा लाकडाच्या मागच्या बाजूवरून हळूहळू फिरू लागला. एकदा, दोनदा. मग त्याने विचारले, "हा कितव्या बाकावरचा रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ठिपके मीच घासून टाकले होते.

तो काही बोलला नाही. चहा घेऊन, इतर गप्पा करून गेला. परंतु त्या दिवशी मला कळले की, मी रंधा दुरुस्त केला नव्हता. सरांच्या हातची खूण आणि आमच्या शंभर-दीडशे मुलांच्या हातांची झिलई मी पुसून टाकली होती, आणि वर त्याचे प्रदर्शन मांडले होते. गंज हत्याराचा शत्रू खरा, परंतु गंजाने जे वीस वर्षांत केले नाही ते मी एका दुपारी केले.

तेव्हापासून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. जे हत्याराच्या कामात आड येते, तेवढेच काढावे. जे कामात आड येत नाही, ते राहू द्यावे. गंज आड येतो, तो काढावा. बोथट धार आड येते, ती लावावी. खिळखिळी मूठ हात कापील, ती बदलावी; मात्र जुनी मूठ फेकू नये. लाकडावरचा काळेपणा, मुठीवरचा खळगा, कोणी कोरलेले अक्षर, हातोडीच्या दांड्यावर अंगठ्याने पडलेली झीज, ही आड येत नाहीत. तडकलेल्या व्हाइसांपैकी एक मी पितळेने झाळून घेतला. ती पिवळी रेघ रंगाने झाकली नाही. हा व्हाइस एकदा मोडला होता, हे पुढच्या माणसाला दिसले पाहिजे. म्हणजे तो त्यावर बेताने जोर करील.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खुणा राखायच्या म्हणून हत्यार काचेच्या कपाटात ठेवणे हाही मला जीर्णोद्धार वाटत नाही. देवळाचा जीर्णोद्धार करतात तो पूजा पुन्हा सुरू व्हावी म्हणून. सरांच्या वेळी खंडेनवमीला सुतारशाळेत हत्यारांची पूजा होई. परंतु पूजेच्या आदल्या दिवशी सर आम्हा सर्वांकडून प्रत्येक हत्यार पुसून, धार लावून, तेल देऊन घेत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओल्या हळदीकुंकवाचे डाग स्वतः पुसून काढीत, कारण ती ओल राहिली तर तेथेच गंज धरतो. वर्षातून एक दिवस का होईना, प्रत्येक हत्यार हाती घेऊन पाहिले जावे, ही त्या पूजेतली व्यवहाराची बाजू त्यांनी आम्हाला न बोलता शिकविली.

आपल्या गावाला ही परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला तो १८८८ साली, याच बेळगावात, सायकलींच्या दुकानातून. सायकली विकता विकता, दुरुस्त करता करता ते यंत्रांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर हे पुढचे टप्पे. १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले. परंतु लोखंडाला हात लावण्याची आवड या मातीत राहिली. आज उद्यमबागेत आणि आसपास ज्या ओतशाळा आणि यंत्रशाळा दिसतात, त्यांत आपल्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले काम करून निवृत्त झाली. त्यांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, न्हाणीघराच्या मागे वडिलांची किंवा आजोबांची एखादी पेटी असेलच. माझी त्यांना विनंती आहे की, ती पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. काय करायचे ते सुचले नाही, तर निदान कोरड्या कापडाने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. तेवढ्याने आणखी एक पावसाळा निघतो.

राहता राहिला आपल्या सुतारशाळेच्या हत्यारांचा हिशोब. नऊपैकी आठ व्हाइस आज चालू आहेत. नववा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. त्याचे स्क्रू आणि जबडे इतरांच्या उपयोगी पडले. सहा रंध्यांवरचे ठिपके मी तसेच राखले आहेत. मुख्याध्यापकांनी संगणककक्षामागील व्हरांडा देऊ केला असून, आठवी-नववीच्या इच्छुक मुलामुलींना दर शनिवारी तेथे ही हत्यारे वापरावयास मिळावीत, असे ठरले आहे. शिकविण्याचे काम मी करीन. माझ्या गुडघ्यांनी साथ दिली तोवर.

सातवा रंधा, ज्याच्यावर आता ठिपके नाहीत, तोही त्या व्हरांड्यात असेल. त्याचे वॉर्निश मी काढून टाकले आहे. त्यावर नवे ठिपके मी उमटविलेले नाहीत, कारण खरे किती होते ते मला ठाऊक नाही. आज सभागृहात निरनिराळ्या वर्षांचे माजी विद्यार्थी आले आहेत. उरलेल्या सहा बाकांपैकी एखाद्यावर आपण बसला असाल, तर कार्यक्रमानंतर तो रंधा हाती घेऊन पाहावा. त्याच्या डाव्या कुशीत एक लहान गाठ आहे आणि मागच्या टोकाला जुना जळका डाग आहे. कोणाला तो ओळखू आला, तर तेवढे मला सांगावे. खिळा आणि हातोडी मी सोबत आणली आहे.

सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.